कोंबडी तेवडी माजी

खोताच्या घरी पावणा आला की आमच्या वाडीतल्या कोंबड्यांवर संकट यायचं. ही हकिगत पणजीने आजीला सांगितली आणि आजीने मला, चुलीपुढे बसून तांदळातली कणी वेगळी काढता काढता. खोताचा गडी परड्याच्या गडग्यावर चढून उभा राहायचा. घरच्या बाईला काही विचारायचा नाही, नुसतं बोट दाखवायचा. बोट नेहमी अंड्यावर आलेल्या तलंगेकडे. एकदा पणजीने धीर करून म्हटलं, "तिका रवणाक बसवची हा," म्हणजे अंडी उबवायला. गड्याने ऐकून घेतलं आणि तीच नेली.

पुस्तकांत खोतीबद्दल वाचायला मिळतं ते अर्धेलीचं, सक्तीच्या वेठीचं. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर गेले. प्रत्यक्ष कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, 1949 साली. आजीला यातल्या कुठल्याच तारखा माहीत नव्हत्या. तिला आठवत होतं ते एवढंच, की त्या सुमाराला गडग्यावर चढणारा गडी यायचा बंद झाला.

मागणारे दुसरेही होते. मामलेदाराचा मुक्काम पडला की रसद म्हणून कोंबडी-अंडी. जंगलाचा गार्ड आला की कोंबडी. शिपाई साधं समन्स घेऊन आला, तरी जाताना त्याच्या हातात पाय बांधलेलं काहीतरी लोंबकळत असायचं. मग बायका लपवायला शिकल्या. अंधारात कोंबडी आवाज करत नाही, म्हणून तिला डालग्याखाली घालायचं, वर गोणपाट टाकायचं आणि डालगं भाताच्या कणगीमागे सरकवायचं. कोंबडी अशी दोन-दोन दिवस तग धरायची. कोंबड्याचा भरवसा नसायचा. एकदा शिपाई ओटीवर मुक्कामाला होता आणि पहाटेच्या मिट्ट काळोखात कणगीमागून बांग आली. आजी ही गोष्ट सांगताना अजिबात हसायची नाही. तो कोंबडा देवाच्या राखणीसाठी, म्हणजे वर्षाला देवाला द्यायला, ठेवलेला होता. तो गेला आणि त्या वर्षी राखण उसन्या कोंबड्यावर द्यावी लागली.

आमच्या घरातल्या या साऱ्या गोष्टी मी मनात जुळवल्या, तेव्हा एक धागा ठळक दिसला. कोंबडी नेणारे बदलले, पण नेण्याआधी बाईला तिचं म्हणणं कोणी विचारलं नाही. म्हणून गेल्या वर्षी शेजारच्या काकीच्या नावाने नोटीस आली आणि अख्खी वाडी धास्तावली, तेव्हा मला त्या कागदातली एक ओळ फार मोलाची वाटली. अमुक तारखेला हजर राहून आपले म्हणणे मांडावे, असं त्यात लिहिलं होतं. काकी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. तिने कोंबड्या विकायची तयारी केली होती. मी म्हटलं, "काकी, विकू नकोस. आपण जाऊ."

आमचं गाव तालुक्याचं. 2014 साली शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं ठरवलं, त्यात आमचीही ग्रामपंचायत गेली. जमिनी बिनशेती झाल्या, काकीच्या परड्याला लागून असलेल्या माडांच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. पहिल्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी खुराड्यावर उघडते. तिथल्या काही रहिवाशांनी अर्ज केला. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत सार्वजनिक उपद्रवाचं कलम 133 होतं, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 झालं आहे. त्याखाली दंडाधिकारी आधी सशर्त आदेश काढतात: उपद्रव दूर करा, नाहीतर हजर राहून कारण सांगा. आपण दुसरा पर्याय निवडू शकतो, हे वाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

अर्ज मी नीट वाचला. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि कोंबडा चारला आरवतो, हा पहिला मुद्दा. दुसरा बर्ड फ्लूचा, कारण जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला परसातल्याच कोंबड्यांमध्ये तो सापडला होता. तिसरा, पावसाळ्यात खुराड्याखालची घाण इमारतीच्या बोअरवेलकडे वाहते. चौथा मुद्दा वासाचा.

तिसरा मुद्दा खरा होता. मी स्वतः पावसात जाऊन पाहिलं आणि काकीला तसं सांगितलं. पाण्याच्या जवळ विष्ठा जाणं कुठल्याही घराला चालणार नाही. बर्ड फ्लूची भीतीही खोटी म्हणता येत नाही. वासाच्या मुद्द्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबले. त्या परिच्छेदात "या लोकांच्या" हे शब्द दोनदा आले होते. कोंबडी पाळणारे कोण आणि न पाळणारे कोण, याची आमच्या गावात जुनी वाटणी आहे. अंडं शिजवायचं भांडं वेगळं, ते पडवीत, असं माझ्या लहानपणी कितीतरी घरांत होतं. आणि ज्यांच्या परड्यात कोंबड्या फिरत त्यांनी कुठल्या विहिरीवर जायचं नाही, हेही ठरलेलं होतं. रोज झाडून राख टाकली की खुराड्याचा वास आटोक्यात येतो. माणसांबद्दल कागदावर लिहिलेले ते दोन शब्द झाडण्याने जाणारे नव्हते. म्हणून मी ठरवलं की आपण कोंबड्यांची बाजू मांडताना या माणसांची गोष्टही मांडायची.

ती गोष्ट पैशांची आहे. माझ्या आजीच्या नावावर सातबाऱ्यात एक गुंठाही नव्हता. आजोबा मुंबईत गिरणीत. त्यांची मनिऑर्डर यायची ती पणजोबांच्या नावाने. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजायचा त्या त्यांच्या हातात. आजीच्या हातात थेट पैसा यायचा तो परड्यातून. "जमीन घोवाची, घर घोवाचा, कोंबडी तेवडी माजी," असं ती म्हणायची. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 साली केली, देशाने 2005 साली. आजीला त्यातलं काही मिळालं नाही. तिचं बँकेचं खातं म्हणजे भाताच्या तुसात पुरलेली अंडी.

आणि त्या व्यवहारात तिचा हात कोणी धरू शकत नसे. रवणाला बसवायची अंडी ती संध्याकाळी निवडायची. दिवा लावला की दाराआड उभी राहून एकेक अंडं ज्योतीसमोर धरायची, बोटांची ओंजळ करून, आणि आतली सावली बघायची. आठवड्याने पुन्हा तसंच. ज्याच्यात लाल शिरांचं जाळं दिसेल ते टोपलीत परत, निव्वळ पिवळं दिसेल ते काढून टाकायचं. टोपलीत पेंढा, त्यात एक कोळसा आणि लोखंडाचा तुकडा, आभाळ गडगडलं तर अंडी पिंजू नयेत म्हणून. एकविसाव्या दिवशी ती टोपलीपाशी कान लावून बसायची. पिल्लं बाहेर आली की वाळवी लागलेलं लाकूड घेऊन यायची आणि दगडावर आपटून त्यांच्यापुढे वाळवी झाडायची. घारीचं भय असल्यामुळे पहिले काही दिवस पिल्लांवरून नजर हलायची नाही.

ज्या बाईकडे काहीच नसेल तिला आजी एक तलंग अर्धेलीने द्यायची. पाळायची तिने, पिल्लं झाली की अर्धी-अर्धी. वर्षा-दोन वर्षांत त्या बाईच्या स्वतःच्या कोंबड्या होत. शेजारच्या काकीच्या आजच्या कोंबड्यांचा वंश तिथूनच आला आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे काही नव्हतं, आजीने तिला पिवळ्या पायांची तलंग दिली. आजी पिवळे पाय बघूनच रवणाची कोंबडी निवडायची. रानकोंबड्याचा अंश आहे म्हणायची, राईतून उतरलेला. तिच्या बोलण्यात किती तथ्य होतं ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण पायांना पिवळा रंग देणारं जनुक आलं ते करड्या रानकोंबड्याकडून, हे 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून सिद्ध झालं. करडा रानकोंबडा भारताच्या द्वीपकल्पातला, आमच्या सह्याद्रीतला. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत त्याचा वाटा आहे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडीलही त्यात होते. काही महिन्यांनी ते ट्रंक घेऊन गावी आले. महिन्याभरात मिटेल, पावसाआधी मिटेल, गणपतीआधी मिटेल, असं करता करता तो संप कधी मिटलाच नाही. मनिऑर्डर बंद झाली आणि पोस्टमन आमच्या ओटीवर बसेनासा झाला.

त्या दोन पावसाळ्यांत घरातलं मीठ, तेल, चहा, माझी वही, भावाची फी, हे सगळं अंड्यांवर निघालं. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ, फार तर ऐंशी अंडी देते. पिंजऱ्यातली लेअर तीनशेच्या घरात जाते. पण लेअरला खाद्य विकत घालावं लागतं. आजीच्या कोंबड्या कणी, कोंडा आणि उकिरड्यातले किडे यांवर जगत. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याकडे आजीचं खातं होतं. अंडी पोचवायची आणि महिनाअखेरीला हिशेब. पहिल्यांदा ती टोपली वडिलांनी नेली तेव्हा वर टॉवेल झाकला होता. यंत्रावर उभा राहणारा माणूस, त्याला आपल्या आईची अंडी विकायला नेताना अवघड जात होतं. नंतर टॉवेल गेला. त्यांनी गिरणीतून आणलेल्या पान्याने खुराड्याच्या दाराला पक्की कडी बसवली, मुंगुसाने दोन कोंबड्या नेल्या होत्या म्हणून. शेजारच्या काकीचा नवराही संपातलाच. तो परत मुंबईला गेला, मिळेल ते काम करत राहिला आणि तिथेच वारला. काकीने तीन मुलं वाढवली ती याच परड्यात.

संपाच्या इतिहासात गिरण्या येतात, पुढारी येतात, जमिनींचे भाव येतात. कोकणातल्या बायकांच्या खुराड्यांनी त्या काळात किती चुली पेटत्या ठेवल्या, याची नोंद कुठे झालेली नाही. मला ती सुनावणीत करायची होती.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती, ती मला शाळेतल्या सहकारी बाईंनी सांगितलेली. त्यांचं माहेर जळगाव जिल्ह्यातलं. 18 फेब्रुवारी 2006 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला, तिथल्या मोठ्या पोल्ट्र्यांमध्ये. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, परसातल्या कोंबड्यांत आढळला. बाईंच्या आईच्या कोंबड्या पथकाने पोत्यात भरून नेल्या. रोग आवरायला ते करावंच लागतं, आजही करावं लागतं. त्यासाठी 2009 चा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे, जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यालाही तेच झालं. पण बाईंच्या आईच्या कोंबड्या तिच्यासमोर मोजल्या नाहीत. त्या वेळी अंडी देणाऱ्या कोंबडीला 40 रुपये भरपाई होती. ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावाने निघाली, आणि तिच्या हाती त्यातलं काही आलं नाही. तिने नंतर कोंबड्या पाळल्याच नाहीत, असं बाईंनी सांगितलं.

सुनावणीच्या दिवशी प्रांतसाहेबांसमोर मी लिहून नेलेलं वाचलं. कलमात व्यवसायाने किंवा माल साठवण्याने समाजाच्या आरोग्याला, स्वास्थ्याला बाध येण्याची भाषा आहे. एका बाईच्या परड्यातल्या चौदा कोंबड्या हा व्यवसाय नाही, आणि एका खिडकीची अडचण म्हणजे सगळ्या समाजाचा उपद्रव नाही. अडचण खरी असेल तर ती शेजाऱ्याशी बसून सोडवायची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत पोल्ट्रीला परवानगीचा विषय निघतो तो 5,000 पक्ष्यांच्या वर. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या 85 कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी जवळजवळ 32 कोटी परसातले निघाले, आणि 2012 च्या तुलनेत परसातल्यांची वाढ जवळपास 46 टक्के आहे. सरकारच या कोंबड्या पाळायला योजना देतं, वनराजा-गिरिराजाची पिल्लं वाटतं.

कोंबड्याच्या बांगेवर समोरच्या गृहस्थांनी भर दिला. तेही रीतीने बोलले, त्यांची आई आजारी असते आणि पहाटेची झोप मोडते हे सांगितलं. ते ऐकून मी वाद वाढवला नाही. कोंबडा उजेड बघून आरवतो असं आपण समजतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की त्याच्या अंगात स्वतःचं घड्याळ असतं, सतत मंद उजेडात ठेवला तरी पहाट व्हायच्या आधी तो आरवतोच. कणगीमागच्या काळोखात पणजीचा कोंबडा आरवला तो त्याच घड्याळाने. तेव्हा खुराडं झाकून तो गप्प होणार नाही. पण आरवायला त्याला मान ताणावी लागते. रात्रीच्या खणाची उंची कमी ठेवली तर बांग पुष्कळ दबते, हे मी सुचवलं. फ्रान्समधल्या ओलेरों बेटावरचा मोरीस नावाचा कोंबडाही 2019 साली असाच कोर्टात पोचला होता. सप्टेंबरमध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या संसदेने गावाकडचे आवाज आणि वास हा गावांचा वारसा मानणारा कायदा केला. साहेबांनी ते टिपून घेतलं.

मग त्यांनी काकीला विचारलं, "आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

काकी उठून उभी राहिली. "सायबानू, मुंबैसून पैसे इले नाय की ह्या कोंबड्यांनीच चूल पेटवल्यानी. तुमी सांगशात तेवड्योच ठेवतंय. पण येक कोंबो होयोच. राखण चुकवक येवची नाय."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं आणि लिपिकाला ते शब्द जसेच्या तसे घ्यायला लावले.

सशर्त आदेश रद्द झाला. त्याऐवजी दोन्ही बाजूंच्या संमतीने काही गोष्टी ठरल्या. खुराडं गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला न्यायचं, विष्ठा रोज गोळा करून पाल्याबरोबर खड्ड्यात टाकायची, बोअरवेलच्या बाजूला चर खणायचा, कोंबडा एकच. काकीच्या मुलाने पावसाआधी खुराडं हलवलं. चर खणायला इमारतीतले दोघे तरुण आले होते. समोरच्या आजारी आजींसाठी काकी आता अंडी पाठवते. त्यांनी पैसे देऊ केले तेव्हा काकीने ते घेतले, आणि मला ते योग्य वाटलं.

लसीची अट मी स्वतः घालून घेतली होती. आमच्या भागात कोंबड्यांचा खरा काळ म्हणजे मानमोडी, राणीखेत. आजीच्या परड्यातली सगळ्या कोंबड्या एका आठवड्यात माना वाकड्या होऊन मेलेल्या मी पाहिल्या आहेत. लस आहे, सरकारी दवाखान्यात येते. पहिली सातव्या दिवशी, डोळ्यात-नाकात थेंब. दुसरी साधारण आठ आठवड्यांनी, टोचून. अडचण ही की एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. चौदा कोंबड्यांसाठी ती फोडणार कोण? म्हणून आम्ही वाडीतल्या बायकांनी एक सकाळ ठरवली. डालग्यांत, पिशव्यांत, पदराखाली कोंबड्या घेऊन सगळ्या काकीच्या खळ्यात जमल्या. डॉक्टर बर्फाच्या डब्यातून कुपी काढेपर्यंत प्रत्येकीने आपल्या कोंबडीच्या पायाला रंगीत चिंधी बांधली होती, कोणाची कोणती कळावी म्हणून.

हे सगळं झालं तरी काम संपलेलं नाही. आता नगरपंचायतीने पाळीव पशुपक्ष्यांच्या उपविधीचा मसुदा काढला आहे आणि हरकती मागवल्या आहेत. मसुद्यात परवाना फक्त मालमत्ताधारकाला देण्याची तरतूद आहे. आमच्या वाडीत घरपट्टीवर बाईचं नाव असलेली घरं अगदी थोडी आहेत. भाड्याने राहणाऱ्या आणि दुसऱ्याच्या जागेत झोपडी असलेल्या बायका तर त्यात कुठेच बसत नाहीत. म्हणजे कोंबडी पुन्हा घोवाच्या नावावर जाईल.

मी हरकत लिहिली आहे. परवाना पाळणाऱ्या बाईच्या नावाने मिळावा. वीस पक्ष्यांपर्यंत शुल्क नसावं. रोगामुळे कोंबड्या न्याव्या लागल्या तर तिच्यासमोर मोजाव्यात, तिला पावती द्यावी आणि भरपाई तिच्याच खात्यात जमा करावी. राणीखेतच्या लसीचा दिवस प्रभागवार आधी जाहीर करावा. तक्रार आली तर आदेशाआधी दोन्ही बाजूंना एकत्र बोलवावं. हरकतीची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. कागद माझ्या पडवीत ठेवलाय, काकीची सही सगळ्यात वर आहे. खालच्या वाडीतल्या आणि स्टँडमागच्या बायकांनीही येऊन सही करावी. अंगठा चालतो, हे मी कार्यालयात विचारून घेतलं आहे.